पिशवी बाळाची की बाळंतिणीची?

बाळंतपणाची पिशवी कधी भरायची आणि तिच्यात काय घालायचं, यावरून आमच्या लालबागच्या चाळीत कुठल्या ना कुठल्या घरी वाद होतोच. माझी सगळी नोकरी प्रसूती विभागात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे वाद वाढला की मला हाक येते. या वेळचा वाद शेजारच्या सासू-सुनेचा. सुनेला चौतिसावा आठवडा लागलाय, तारीख ऐन भाद्रपदातली, नाव परळच्या रुग्णालयात घातलंय, माहेर गिरगावात. दोघींचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. दोघींकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण एका मोठ्या गोष्टीचा विसर दोघींनाही पडला होता.

सून : आई, मी नुसती बॅग भरतेय. त्यात अपशकुन कसला?

सासूबाई : तुझे कपडे भर की. कोण नको म्हणतंय? बाळासाठी नवं काही आणायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. बाळ सुखरूप हातात येऊ दे, मग दादरला जाऊन हवं तेवढं आणू.

सून : आणि रात्री दोनला बाळ झालं तर? त्या वेळी दादरचं कुठलं दुकान उघडं असणार? तुमच्या मुलाला झबलं कुठलं नि टोपडं कुठलं तेही कळत नाही. त्याला त्या वेळी खरेदीला पिटाळू का?

सासूबाई : आमच्या वेळी कोण भरत होतं बॅगा? कळा आल्या की हाताला लागेल ती पिशवी घ्यायची नि निघायचं. परळ काय लांब आहे?

लांब नाही हे खरं. केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, दोन्ही आमच्याकडून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण ते अंतर श्रावणातलं. भाद्रपदात गणपती बसले की लालबागला टॅक्सी आत येत नाही, दर्शनाच्या रांगा गल्लीबोळांतून फिरतात, आणि अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक निघते ती गिरगाव चौपाटीला पोचते दुसऱ्या दिवशी. रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी न्यायची, तर हिचं माहेर नेमकं विसर्जनाच्या वाटेवर. शिवाय पाऊस जोराचा झाला की हिंदमाताला पाणी भरतं आणि दादरकडची वाट बंद. म्हणून पिशवी कधी भरायची या प्रश्नावर मी सुनेच्या बाजूची. चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या मध्ये ती भरून दाराशी असावी, कारण सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत येणारी बाळंही असतात. जुळं असेल, रक्तदाब चढत असेल किंवा गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला असेल, तर त्याच्याही आधी. तो टाका जगभर 'शिरोडकर' या नावानं ओळखला जातो. गोव्यात शिरोड्याला जन्मलेल्या आणि मुंबईत नाव कमावलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ साली तो वैद्यकीय जगापुढे मांडला. आमच्याच शहरातल्या डॉक्टरनं वेळेआधीची बाळंतपणं लांबवायचा उपाय शोधला. तो उपाय घेतलेल्या बाईच्या घरच्यांनी तरी तारखेच्या भरवशावर बसू नये.

विसर्जनाच्या दोन दिवसांपुरतं परळच्या नणंदेकडे जाऊन राहा, असं मी सुचवलं. ते दोघींनाही पटलं. वाद पिशवीवरच अडला होता.

सून : माझ्याकडे यादी आहे. चाकांची बॅग, बाळाचे सहा ड्रेस, हातमोजे, पायमोजे, घरी येतानाचा खास ड्रेस, डायपरचं मोठं पाकीट, बाटली, दुधाचा डबा, बाळाचं तेल, पावडर, साबण, शाम्पू, ब्लँकेट...

सासूबाई : दोन-चार दिवसांसाठी एवढं? आणि चाकं जिन्यात कुठे फिरवणार?

सून : आपल्याला नको असलेलं एखादं कमी करू. पण ऐन वेळी नाही म्हणून अडायला नको. माझ्या हातात दुसरं काय आहे? कळा कधी येणार ते माझ्या हातात नाही, नॉर्मल होणार की सिझेरियन तेही नाही. बॅग तरी माझ्या मनासारखी असू दे.

हे तिचं शेवटचं वाक्य मला फार खरं वाटलं. वॉर्डात मोठमोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्या मुलींबद्दल कुणी नाक मुरडलं की मला वाईट वाटायचं. भीती असते ती, आणि ती कपड्यांच्या घड्यांत घालून ठेवायची धडपड असते. पण जिन्याचं सासूबाई बोलल्या ते योग्यच. आमचा जिना लाकडी आणि अरुंद. कळा देणाऱ्या बाईला एका हातानं धरून उतरायचं तर दुसऱ्या हाताला खांद्यावर अडकवायची पिशवीच पाहिजे. जनरल वॉर्डात खाटेशेजारी लहानसं कपाट असतं, त्यात चाकांची बॅग मावत नाही. मग ती पॅसेजमध्ये राहते आणि तिच्यापाशी एक माणूस अडकून पडतो.

मग मी सासूबाईंना सरळ विचारलं, नव्या कपड्यांना तुमचा एवढा विरोध का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

सासूबाई : ह्या माझ्या मुलाच्या आधी माझं एक बाळंतपण झालंय. गावी, माहेरी. सहा झबली शिवली होती मी, हातानं, पांढऱ्या मलमलची. आईनं दुपटं शिवलं होतं. बाळ चार दिवस राहिलं. झबली पेटीतच राहिली. पुढं तीन वर्षं ती पेटी उघडायचा धीर झाला नाही मला. ह्याच्या वेळी मी परळला गेले तेव्हा एक चिंधीसुद्धा आणू दिली नाही कुणाला.

सून : आई, हे मला कुणी सांगितलंच नाही.

सासूबाई : सांगून काय करायचं?

नव्या मुलींनी हे ऐकावं अशी माझी कळकळ आहे. 'बाळाची खरेदी आधी करू नये' ही रीत आडमुठेपणातून आलेली नाही. ज्या काळात बाळं जायची, त्या काळात बायकांनी स्वतःच्या दुःखाला घातलेला तो बांध होता. आनंदीबाई जोशींचं बाळ अवघं दहा दिवस जगलं, आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचा त्यांचा निश्चय झाला, हे आपण शाळेत शिकलो. तशा नाव नसलेल्या आया घरोघरी होत्या. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाची व्हायच्या आत जात. १९९० साली हा आकडा ८० होता. २०२० साली तो २८ वर आला, आणि महाराष्ट्रात १६ वर. सासूबाईंचं बाळ गेलं ते हा आकडा ऐंशीच्या जवळपास होता त्या काळात. त्यांची भीती त्या काळासाठी खरी होती. आजही काही घरं त्यातून जातातच, म्हणून त्या भीतीला कुणी हसू नये. पण तिच्यापायी तयारी अडवूही नये.

तोडगा सासूबाईंनीच काढला, आणि तो आपल्या जुन्या रीतीतच होता.

सासूबाई : नवं नको. माझ्या नणंदेच्या नातवाची झबली-टोपडी आहेत, गुटगुटीत पोर आहे ते. पहिलं झबलं वापरलेलंच घालतात. माझी जुनी सुती लुगडी आहेत, धुऊन धुऊन साय झालीत त्यांची. त्यांची दुपटी नि लंगोट करू.

सून : जुनं घालायचं? इन्फेक्शन होईल.

मी : होणार नाही. गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव, इस्त्री कर, स्वच्छ पिशवीत बांधून ठेव. नव्या कपड्याला खळ असते, रंग असतो; तोही धुतल्याशिवाय घालायचा नाहीच. चार झबली, दोन टोपडी, चार दुपटी, लंगोट किंवा डायपर. झालं. पहिले चोवीस तास अंघोळ लांबवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे साबण, शाम्पू, तेल, पावडर सगळं घरीच ठेव.

सासूबाई : आणि काजळ? तीट लावायला?

मी : काजळही घरी. काही काजळांत शिसं असतं आणि डोळ्यांना जंतुसंसर्ग होतो. तीट लावायची हौस असेल तर बारशाला कपाळाच्या कडेला लावा, डोळ्यांत नको.

काजळाची डबी सासूबाईंनी जड मनानं बाजूला ठेवली. पाठोपाठ मी सुनेच्या यादीतली बाटली आणि दुधाचा डबाही काढायला लावला.

सून : पण दूध आलंच नाही तर?

सासूबाई : येतं गं. पहिलं पिवळसर चिकाचं दूध येतं ते थेंबभरच असतं. आमच्या गावी ते पिळून टाकायला लावायचे, बाळाला मध चाटवायचे. मला परळच्या सिस्टरनं दटावलं होतं, एक थेंब टाकायचा नाही म्हणून.

त्या सिस्टर कोण होत्या मला ठाऊक नाही, पण त्यांना माझा नमस्कार. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात बाळ छातीशी लावायचं. पहिल्या दिवसाचं बाळाचं पोट इतकं लहान असतं की थेंबभर चीक त्याला पुरतो. वर्षाच्या आत मध मुळीच द्यायचा नाही, त्यातून क्वचित बॉट्युलिझमसारखा जिवावरचा आजार होतो. गुटीही नको. एखाद्या आईला खरंच दूध येत नसेल किंवा बाळ फार लहान असेल, तर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. दादरपासून फार लांब नाही. दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. एवढं सगळं असताना तो डबा विश्वासानं पिशवीत घालून जाणं म्हणजे दूध येणार नाही असं आधीच ठरवून जाणं.

एव्हाना खाटेवर दोन ढीग झाले होते. एकात नेण्याचं, दुसऱ्यात ठेवण्याचं. नेण्याच्या ढिगात बाळाचं सगळं होतं. सुनेचं काय होतं? दोन गाऊन आणि एक टॉवेल. तेवढंच. माझ्या मनात जी गोष्ट सलत होती ती हीच.

मी : ही पिशवी कुणाची?

सून : म्हणजे? बाळाची.

मी : आणि बाळंतीण?

सासूबाई : तिला काय लागतं? आम्ही नेसत्या वस्त्रानिशी गेलो होतो.

मी : गेलात, आणि वॉर्डात रक्तानं भिजलेल्या परकरावर किती तास काढलेत?

सासूबाई काही बोलल्या नाहीत.

वॉर्डात मी हे पाहत आले. बाळाला मोजे, टोपडं, दुपट्यावर दुपटं, आणि आईला बदलायला परकर नाही, पायात चप्पल नाही, पाणी प्यायला पेला नाही. नातेवाईक बाळाभोवती, आणि ती भिंतीकडे तोंड करून. म्हणून मी त्या दोघींसमोर पिशवी रिकामी केली आणि आईपासून सुरुवात केली.

पुढून बटणं असलेले सुती गाऊन तीन, गडद रंगाचे. पाजायला सोपं पडतं आणि डाग दिसून संकोच होत नाही. सिझेरियन झालं तर इलॅस्टिकची लेगिंग किंवा कमरेची घट्ट नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून सलवार-लेगिंग नकोच, गाऊनच बरा. बाळंतपणाचे जाड मोठे पॅड दोन पाकिटं. रोजच्या पाळीचे बारीक पॅड पहिल्या दिवशी पुरत नाहीत. सैल, उंच कमरेच्या सुती निकर भरपूर. पाजायच्या ब्रा दोन. न घसरणारी रबरी चप्पल, कारण बाथरूम ओलं असतं आणि बाळंतिणीला चक्कर येते. कंगवा, केस बांधायला साधं रबर, टूथब्रश, पेला, चमचा, पाण्याची बाटली. मोबाइलचा लांब वायरीचा चार्जर, प्लगपॉइंट खाटेपासून लांब असतो. तिचं रोजचं औषध, थायरॉइडचं असो की रक्तदाबाचं. पातळशी शाल. नखांचं पॉलिश घरीच पुसून जायचं, कारण बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा नीट दिसायला हवा.

सासूबाई : हिरवा चुडा काढायचा नाही हं. डोहाळजेवणात भरलाय.

मी : ऑपरेशनला नेताना दागिने काढायला लावतातच. मग ते कुणाच्या तरी रुमालात बांधलेले राहतात आणि हरवतात. मंगळसूत्र, पाटल्या घरी ठेवून जाऊ दे. हवं तर एकेक काचेची बांगडी असू दे, तीही काढावी लागली तर तुम्ही मनाला लावून घ्यायचं नाही.

सासूबाई : मग मी करायचं काय? लाडू तरी देऊ की नाही?

मी : डिंकाचे लाडू, अळिवाची खीर घरी आल्यावर. दवाखान्यात तुमचा स्टीलचा डबा हवाच हवा. गरम पेज, मऊ मुगाची खिचडी, साजूक तूप, डॉक्टर हो म्हणाले की. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला फुकट जेवण आहे, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवसांपर्यंत. तरी घरच्या पेजेचं मोल वेगळं.

आपल्या या भागानं बाळंतिणीचा विचार देशाच्या आधी केलाय, आणि तो विचार घरात मात्र उतरला नाही, याचं मला दुःख आहे. गिरण्यांतल्या कामगार कुटुंबांच्या बायकांना नीट बाळंतपण मिळावं म्हणून वाडिया प्रसूतिगृह परळला १९२६ साली उभं राहिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, परळच्याच बीआयटी चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूतीच्या रजेच्या बाजूनं भाषण केलं. तो कायदा १९२९ साली झाला. आज सुनेला लोअर परळच्या कचेरीतून पगारी रजा मिळते ती २६ आठवड्यांची, २०१७ च्या दुरुस्तीनंतर. त्यातले आठ आठवडे तारखेच्या आधीही घेता येतात. कायद्यानं आईला विश्रांती दिली, आणि पिशवीत मात्र तिच्यासाठी दोन गाऊन!

कागद सुनेनं सगळे जपून ठेवले होते, पण बॅगेच्या तळाशी, टॉवेलखाली. हे मी किती रात्री पाहिलंय. बाई कण्हतेय, नवरा दारात बसून बॅग उपसतोय, दुपटी जमिनीवर, आणि फाइल हाताला लागत नाही. रक्तगटाचा कागद मिळेपर्यंत पुन्हा रक्त काढावं लागतं. म्हणून कागदांची वेगळी कापडी पिशवी, वरच्या खुंटीला. तिच्यात दवाखान्याची फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट तारखेवार, रक्तगट, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या, दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड, थोडे सुटे पैसे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलवर लाल अक्षरात लिहा; बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं.

आणि एक नावाचं. सुनेच्या आधारवर माहेरचं आडनाव, केस पेपरवर सासरचं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, आणि आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असलं की पुढं दाखला दुरुस्त करायला ओलं बाळंतपण असताना खेटे घालावे लागतात. ते मी तिला आजच एकसारखं करून घ्यायला सांगितलं. बाळाचं नाव मात्र लगेच ठरायला हवं असं नाही, ते वर्षभरात दाखल्यावर विनाशुल्क घालता येतं.

सून : सगळं झालं. पण मावशी, खरं सांगू? आत लेबर रूममध्ये मी एकटी असणार, याचीच भीती वाटते. त्याला आत सोडणार नाहीत.

मी : २०१६ पासून केंद्र सरकारनं सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी सोबतीला एक बाई असू द्यायला सांगितलंय. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली, घरचीच. जिथे आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही सोडता येतं. तुझ्या दवाखान्यात काय पद्धत आहे ते पुढच्या तपासणीला विचार.

सून : मग आई, तुम्ही याल?

सासूबाई : मी? मला बघवेल का गं?

सून : तुम्ही नुसत्या हात धरून उभ्या राहा.

सासूबाईंनी तेव्हा उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्याकडे येऊन विचारलं, आत जायचं तर साडी चालते की गाऊन लागतो, आणि पाठ कशी चोळायची ते दाखवशील का.

ज्यांच्या घरी चौतिसावा आठवडा लागलाय त्यांनी आज रात्री पिशवी उघडून बघावी आणि त्यात आईच्या वस्तू किती आहेत ते मोजावं. कागद वेगळे करून दाराशी टांगावेत. १०८ हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पिशवी भरलेली असो वा नसो, तिथूनच निघावं. राहिलेलं सामान मागून कुणीही आणून देईल.